ऊब सांभाळली, पण ओलीचे काय?

बटेरची अंडी घरच्या पेटीत उबवणाऱ्या भगिनींची तक्रार बहुधा एकच असते. सतरा दिवस पेटी चालू ठेवली, अंडी वेळेवर फिरवली, थर्मामीटरवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, आणि शेवटी पन्नास अंड्यांतून पिले निघाली जेमतेम पंधरा. उरलेली अंडी फोडून पाहावीत तर कित्येकांत पूर्ण वाढलेले पिलू, अंगावर लव आलेली, चोच वर केलेली, आणि मेलेले. मग कोणी म्हणते अंडीच वाईट होती. कोणी म्हणते हातगुण लागतो. घरातले कोणीतरी हळूच म्हणते, "उगाच लाईटचं बिल वाढवलं." ज्या बाईने किराण्यातून वाचवलेले पैसे या पेटीत घातलेले असतात, तिला हे शब्द फार लागतात, आणि पेटी माळ्यावर जाते ती कायमची.

पण जरा थांबून विचार करा. पिलू पूर्ण वाढले होते याचा अर्थ अंड्यात जीव होता आणि ऊबही बऱ्यापैकी मिळाली होती. इतके दिवस सगळे ठीक चालून ऐन बाहेर पडण्याच्या वेळी पिलू अडते, तेव्हा पुष्कळदा दोष ऊबेचा नसून ओलीचा असतो. पेटीतल्या हवेत ओलावा कमी पडलेला असतो, किंवा घाबरून आपण तो फार वाढवलेला असतो. आज या ओलीविषयीच सविस्तर लिहिते आहे, कारण थर्मामीटरविषयी सगळेच सांगतात आणि पाण्याविषयी फक्त "वाटीभर ठेवा" एवढेच सांगून मोकळे होतात. फुलंब्रीसारख्या कोरड्या हवेच्या गावात ही वाटी काही पुरत नाही.

पेटी हवीच का?

आपण पाळतो ते बटेर जपानी जातीचे. आपल्या देशात ते १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशातल्या बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणले गेले. तेथे १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्वतंत्रपणे सुरू झाली आणि या पक्ष्याचा प्रसार देशभर झाला. सहा-सात आठवड्यांत मादी अंडी द्यायला लागते, जागा थोडी लागते, म्हणून परसदार नसलेल्या घरांनाही हा जोडधंदा झेपतो.

मात्र या पक्ष्यात एक उणीव आहे. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढल्यामुळे त्याच्या मादीची खुडूक होण्याची सवयच गेली. आपली गावठी कोंबडी कशी अंडी घालून झाली की खुडूक होते आणि टोपलीतून उठायचे नाव घेत नाही, तसे बटेरचे होत नाही. ती अंडे टाकते आणि निघून जाते. खुडूक कोंबडीखाली बटेरची अंडी ठेवता येतात, पण त्यांचे कवच इतके नाजूक की मोठ्या कोंबडीच्या पायाखाली काही फुटतातच. म्हणून पेटी लागते.

एक सूचना येथेच देऊन ठेवते. ज्वारी-बाजरीच्या शेतातून भुर्रकन उडणारे लावे हे रानपाखरू आहे. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शेतात घरटे सापडले म्हणून त्याची अंडी उचलून पेटीत ठेवू नयेत. अंडी घ्यायची ती पाळीव जपानी बटेरचीच.

आधी ऊब नीट लावून घ्या

ओलीकडे वळण्यापूर्वी ऊबेचा हिशोब पक्का असावा. पेटीत पंखा असेल तर उष्णता ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट ठेवावी. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा गरम आणि खालची गार राहते. अशा पेटीत थर्मामीटरचा फुगा अंड्यांच्या वरच्या टोकाच्या पातळीवर धरावा आणि तेथे ३८.३ ते ३८.९ अंश (१०१ ते १०२ फॅरनहाइट) दिसू द्यावे. थर्मामीटर पेटीच्या भिंतीला टांगलेला असेल तर तो भिंतीची ऊब सांगतो, अंड्यांची नव्हे.

नवा थर्मामीटर खरे बोलतो की नाही हे आधी तपासून घ्यावे. एका भांड्यात कोमट पाणी घेऊन त्यात हा थर्मामीटर आणि घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर यांची टोके शेजारी शेजारी धरावीत. पाणी ३८ अंशांच्या आसपास असताना दोन्ही आकडे पाहावेत. पेटीचा थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवत असेल तर तशी चिठ्ठी लिहून पेटीवर चिकटवून टाकावी. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण सतरा दिवस सतत अर्धा अंश कमी मिळाला तर पिले उशिरा आणि अशक्त निघतात.

आपल्याकडे दोन अडचणी खास आहेत. पहिली उन्हाळ्याची. थर्मोस्टॅट दिवा बंद करू शकतो, पण पेटी गार करू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याच्या खोलीत हवाच ४० अंशांवर जाते. तेव्हा दिवा बंद असूनही पेटीतील अंडी तापतातच. गारव्याने अंडे एवढे बिघडत नाही, पण ४० अंशांवर काही तास राहिले की आतला जीव जातो. म्हणून पेटी पत्र्याखाली, गच्चीलगतच्या खोलीत किंवा उन्हाच्या खिडकीशी ठेवू नये. माजघर, जुन्या मातीच्या भिंतीची खोली किंवा तळमजल्यावरची आतली खोली उत्तम. तशी जागा नसेल तर मे महिन्यात अंडी लावूच नयेत, हे बरे. महिनाभर थांबल्याने नुकसान होत नाही.

दुसरी अडचण लाईट जाण्याची. तास-दोन तास लाईट गेली तर घाबरून पेटी उघडून पाहू नये. झाकण बंदच ठेवावे आणि वरून जुनी गोधडी टाकावी. मात्र हवेची भोके बुजवायची नाहीत, बरं का. शेवटच्या दिवसांत आतली पिले श्वास घेत असतात. फार वेळ लाईट आली नाही तर गरम पाण्याच्या बाटल्या कपड्यात गुंडाळून पेटीत कडेला ठेवाव्यात. अशा वेळी पिले काही तास उशिरा निघतील, एवढेच. लाईट परत आल्यावर मात्र अर्धा तास लक्ष ठेवावे, कारण एकदम तापताना आकडा वर उडी मारतो.

ओल कशासाठी?

अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांतून आतले पाणी हळूहळू वाफ होऊन बाहेर जाते आणि त्याची जागा हवा घेते. उकडलेले अंडे सोलताना बोथट टोकाला जी पोकळी दिसते ना, तीच ही हवेची पिशवी. पिलू कवच फोडण्यापूर्वी आधी या पिशवीत चोच घालते आणि पहिला श्वास तेथे घेते.

पेटीतील हवा फार कोरडी असेल तर पाणी भराभर जाते. पिशवी फार मोठी होते, पिलू लहान राहते, आणि आतला पापुद्रा वाळून चामड्यासारखा चिवट होतो. पिलू चोच मारते, थोडेसे भोक पाडते आणि पापुद्र्याला चिकटून तसेच राहते. उलट हवा फार दमट असेल तर पाणी जातच नाही. पिलू फुगलेले, चिकट पाण्यात बसलेले, आणि पिशवी इतकी लहान की श्वास घ्यायला जागाच नाही. ते पहिल्या श्वासालाच बुडते.

म्हणजे पाणी जायला हवे, पण मापाने. बटेरच्या अंड्यांना पहिले १४ दिवस ५५ ते ६० टक्के आर्द्रता ठेवावी आणि पंधराव्या दिवसापासून पिले निघेपर्यंत ७० टक्क्यांच्या आसपास. शेवटी वाढवायची ती पापुद्रा मऊ राहावा म्हणून.

फुलंब्रीची हवा आणि कोकणातली हवा

येथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचे सगळे सोपे होते. हवा तापवली की ती कोरडी होते. आतले पाणी तेवढेच असते, पण गरम हवेची पाणी धरण्याची ताकद वाढते, म्हणून टक्का खाली येतो. थंड हवेत मुळातच पाण्याची वाफ थोडी मावते.

आता उदाहरणच घेऊ. समजा पावसाळ्यात बाहेर २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के आहे. तीच हवा पेटीत ३७.५ अंशांवर गेली की आर्द्रता उरते सुमारे ४४ टक्के. मे महिन्यातली दुपार घ्या, ४० अंश आणि २० टक्के. पेटीत होतात साधारण २३ टक्के. आणि डिसेंबरची पहाट, १२ अंश आणि ६० टक्के? पेटीत फक्त १३ टक्के! म्हणजे थंडीत आपल्याला हवा ओलसर आणि गारठलेली वाटते, तरी पेटीच्या दृष्टीने ती मे महिन्यापेक्षाही कोरडी. उन्हाळ्यात आपण होऊन पाणी वाढवतो, हिवाळ्यात मात्र "आता कशाला" म्हणून कमी करतो, आणि नेमके तेथेच पिले चिकटतात.

रत्नागिरी-मालवणकडची हवा पाहा. २८ अंश आणि ८० टक्के धरले तर पेटीत आपोआप ४७ टक्के मिळतात. तिकडच्या मैत्रिणीने "मी तर एक लहान वाटी ठेवते, काही होत नाही" असे सांगितले तर ते तिच्या घरी अगदी खरे आहे. पण तिची वाटी मराठवाड्यात आणून चालत नाही. कोणाचीही रीत उचलण्यापूर्वी तिचे गाव कोणते आणि महिना कोणता हे विचारावे.

पाणी खोल नको, पसरट हवे

ओल वाढवायची म्हणजे भांडे मोठे घ्यायचे, असा समज असतो. खरे तर पाणी किती खोल आहे याला महत्त्व नाही. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून उठते. तांब्याभर पाण्यापेक्षा त्याच पाण्याची पसरट थाळी कितीतरी जास्त ओल देते. आधी एक थाळी ठेवून पाहावे. कमी पडली तर दुसरी ठेवावी, किंवा थाळीत सुती कापडाची घडी किंवा स्पंज अर्धा बुडवून उभा करावा, म्हणजे ओला पृष्ठभाग वाढतो. जास्त झाली तर थाळीचा काही भाग झाकावा. हवेची भोके बंद करून ओल वाढवण्याचा मार्ग मात्र धरू नये. त्याने ओलीबरोबर खराब हवाही आत कोंडते.

पाणी घालताना ते कोमट असावे. माठातले गार पाणी ओतले की पेटीची ऊब खाली येते. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते, त्याचे पांढरे क्षार स्पंजावर आणि कापडावर बसतात आणि मग ते पाणी शोषत नाहीत. उकळून गाळलेले किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरले तर बरे. लागते ते थोडेच, त्यामुळे टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीतही हे जमण्यासारखे आहे.

आर्द्रतेचा आकडा खरा की खोटा?

बाजारात मिळणारे लहान आर्द्रतामापक पुष्कळदा पाच-दहा टक्के इकडेतिकडे दाखवतात. ते तपासण्याची युक्ती स्वयंपाकघरातलीच आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्या, त्यावर पाण्याचे काही थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखे करा. विरघळू देऊ नका. हे झाकण आणि मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी ठेवा आणि रात्रभर डबा उघडू नका. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी मापकाने ७५ दाखवले तर तो खरा. ६८ दाखवले तर तो सात टक्के कमी दाखवतो असे समजून पुढचा हिशोब करावा.

पंख्याच्या पेटीत मापकाशिवायही काम होते. दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्यावर ओल्या सुती कापडाची वात गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडा. ओल्या वातीतून पाणी उडते, त्यामुळे हा थर्मामीटर कमी दाखवतो. कोरड्यावर ३७.५ असताना ओल्यावर ३० अंश (८६ फॅरनहाइट) दिसले तर आर्द्रता सुमारे ५८ टक्के. ३२ ते ३३ अंश दिसले तर ७० च्या आसपास. २८ दिसले तर ५० च्याही खाली गेली. वात दर खेपेला नवी घालावी.

खरी परीक्षा तराजूची

एवढे सगळे सांगितले तरी माझा खरा भरवसा कशावर असेल तर तो वजनावर. मापक हवेचे सांगतो. आपल्याला जाणून घ्यायचे असते ते अंड्यातून किती पाणी गेले. ते अंडे स्वतःच सांगते, फक्त तोलून पाहावे लागते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला लहान काटा त्याला पुरतो.

बटेरचे अंडे दहा ते बारा ग्रॅमचे. एका अंड्याचे वजन इतके थोडे की फरक कळणार नाही, म्हणून तीस अंडी एकत्र तोलावीत. ज्या ट्रेमध्ये ठेवाल त्याचे वजन आधी लिहून ठेवून ते वजा करावे. चौदा दिवसांत शंभराला साधारण बारा या प्रमाणात वजन कमी व्हायला हवे. अकरा ते तेरा चालते.

समजा तीस अंड्यांचे वजन पहिल्या दिवशी ३३० ग्रॅम भरले. त्याचे शेकडा बारा म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. मग सात दिवस झाले की वजन साधारण ३१० असावे, आणि चौदा दिवस झाले की २९०. सातव्या दिवशी ३१६ भरले तर पेटी फार दमट आहे, थाळी लहान करा. ३०४ भरले तर फार कोरडी, थाळी वाढवा. अजून आठवडा हातात असतो, तेवढ्यात चूक भरून काढता येते. म्हणून सातव्या दिवसापर्यंत थांबण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशीही एकदा तोलावे. ही पाच मिनिटे अंडी बाहेर राहिल्याने काही बिघडत नाही.

तोलायला घेतलेल्या तीस अंड्यांतून मध्येच एखादे काढू नये, नाही तर हिशोब चुकेल. फुटलेले किंवा वास येणारे अंडे मात्र काढलेच पाहिजे. अशा वेळी उरलेली अंडी पुन्हा तोलून, काढलेल्या अंड्याचे पहिल्या दिवसाचे सरासरी ११ ग्रॅम मूळ वजनातून वजा करावेत आणि नवा हिशोब मांडावा.

मुलांच्या जुन्या वहीतले एक पान घ्या. त्यावर चार रकाने आखा: तारीख, उष्णता, आर्द्रता, वजन. रोज सकाळ-संध्याकाळ पहिले दोन आकडे लिहा, वजन तीन-चार दिवसांनी. दोन-तीन खेपांनंतर हे पान कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडेल, कारण ते तुमच्या खोलीचे, तुमच्या पेटीचे आणि तुमच्या गावच्या हवेचे असेल. आणि घरात कोणी हातगुणाविषयी बोललेच तर हे पान पुढे करता येईल.

फिरवणे आणि शेवटचे तीन दिवस

अंडी लावण्यापूर्वी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नयेत. साठवताना टोकदार बाजू खाली ठेवावी आणि जागा गार असावी. धुऊन घेऊ नयेत, धुण्याने कवचावरचा संरक्षक थर जातो. मळलेली अंडी सरळ स्वयंपाकाला घ्यावीत.

पहिले १४ दिवस अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवावीत. विषम संख्या अशासाठी की रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. बटेरच्या ठिपकेदार कवचावर पेन्सिलीची खूण दिसत नाही. त्यापेक्षा ट्रेच्या एका कडेखाली लाकडी ठोकळा ठेवून ट्रे तिरपा करावा आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कडेखाली. न फिरवलेल्या अंड्यात वाढणारा जीव पापुद्र्याला चिकटतो.

चौदा दिवस पुरे झाले की फिरवणे बंद. शेवटचे वजन करावे, अंडी आडवी पसरावीत, खाली खरखरीत कापड घालावे, थाळ्या वाढवून आर्द्रता ७० वर न्यावी आणि पेटी बंद करावी. यानंतर झाकण उघडायचे नाही. येथेच पुष्कळ जणींचा धीर सुटतो. एका अंड्याला भोक दिसले की मदत करावीशी वाटते. मुले हट्ट करतात. पण झाकण उघडताच ओली हवा क्षणात निघून जाते, आणि ज्यांनी नुकती चोच मारली आहे त्यांचा पापुद्रा वाळतो. एकाला मदत करण्याच्या नादात पाच अडकतात. पाणी संपले तर बाहेरून नळीने घालता येईल अशी सोय आधीच करून ठेवावी.

पिले सतराव्या-अठराव्या दिवशी निघतात. ओली पिले वाळताना पेटीतली आर्द्रता आपोआप वाढते, तेव्हा गोंधळून थाळी काढायला जाऊ नये. पोटातल्या बलकावर पिलू एक दिवस सहज काढते, त्यामुळे अंग वाळून फुलल्यावरच त्याला बाहेर काढावे.

बटेरचे पिलू किती चिवट असते याची एक गंमत सांगते. १९९० साली सोव्हिएत संघाच्या मीर या अंतराळस्थानकावर पेटीत ठेवलेल्या बटेरच्या अंड्यांतून पिले निघाली. अंतराळात जन्मलेले हे पहिले पक्षी. तेथेही ऊब आणि ओल मापात मिळाली म्हणून ती निघाली. पण वजनच नसलेल्या त्या जागेत त्यांना पाय रोवून खाता येईना आणि ती जगली नाहीत. आपल्या पिलांचा पायही पहिल्या आठवड्यात गुळगुळीत वर्तमानपत्रावर घसरून फाकतो, म्हणून खरखरीत कापड आवश्यक. पाण्याच्या भांड्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे टाकावेत. सात-आठ ग्रॅमचे पिलू बशीभर पाण्यातही बुडते.

न फुटलेली अंडी काय सांगतात?

अठरा दिवस उलटल्यावर उरलेली अंडी टाकून देऊ नका. मन घट्ट करून एकेक फोडा आणि वहीत लिहा.

आत नुसताच बलक आणि पांढरे असेल तर अंड्यात बीज नव्हते, किंवा जीव अगदी पहिल्या दिवसांत गेला. अशी अंडी जास्त निघाली तर अंडी देणाऱ्याकडे विचारावे. दोन-तीन माद्यांमागे एक नर लागतो.

लहानसे पिलू चिवट पापुद्र्याला चिकटलेले आणि पिशवी मोठी, तर ओल कमी पडली. फुगलेले, चिकट, ओलेगच्च पिलू आणि पिशवी लहान, तर ओल जास्त झाली.

पिले पंधरा-सोळा दिवसांतच निघाली, बेंबी नीट भरलेली नाही, तर ऊब जास्त होती. एकोणिसाव्या दिवसापर्यंत रेंगाळली, पोट मोठे आणि मऊ, तर ऊब कमी होती.

एका अंड्यावरून निष्कर्ष काढू नये. दहापैकी सात एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी माना आणि पुढच्या खेपेला फक्त तेवढीच एक गोष्ट बदला. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

काम झाल्यावर पेटी साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी, हातही साबणाने धुवावेत. बटेर आणि कोंबड्या एकाच खुराड्यात ठेवू नयेत, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. पिले अचानक मरू लागली तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे, मेलेली पिले उकिरड्यावर टाकू नयेत.

आरंभ तीस-चाळीस अंड्यांनी करावा. शंभरात साठ-सत्तर पिले निघाली तरी घरच्या पेटीला ते उत्तमच समजावे, शंभराच्या शंभर कोणाचीच निघत नाहीत. पहिल्या खेपेच्या खर्चात काट्याचे पैसे धरायला विसरू नका, आणि पिले विकून पैसे आले की आधी तुमचे स्वतःचे गुंतवलेले पैसे वेगळे काढा. उरेल ती मिळकत. हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर लिहावा, म्हणजे लाईटच्या बिलाचा प्रश्न निघाला की उत्तर तयार असते.

पुढील वेळी पिलांचे पहिले दोन आठवडे, म्हणजे दिव्याची ऊब आणि खाद्य, यांविषयी पाहू. तोपर्यंत ज्यांची पेटी माळ्यावर पडली आहे त्यांनी ती खाली काढून पुसून ठेवावी, आणि एक पसरट थाळी तिच्यासाठी वेगळी काढावी.